हाडाला जीभ लावणारा माणूस

पहिल्याच भेटीत त्या माणसाने माझा माल चाटला.

मी जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातून सायकलवर भंगार गोळा करत नांदेडला आलो, नांदेडहून लातूरला आलो, आणि आज औसा रोडला माझं स्वतःचं गोदाम आहे. जुनी दारं, खांब, पितळी हंडे, दगडी जाती असलं सगळं मी खेड्यांतून उचलतो आणि हैदराबाद-पुण्याच्या हौशी लोकांना विकतो. माल पारखणारे नाना तऱ्हेचे लोक मी पाहिलेत. कोणी टिचकी मारतो, कोणी नखाने खरवडतो, कोणी वास घेतो. जीभ लावणारा माणूस मात्र पाहिला नव्हता. त्यातही ज्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, ज्याच्या घरात कधी कोणी अंडंसुद्धा फोडलं नाही, अशा माणसाने माझ्यादेखत हाडाला जीभ लावावी!

"अहो अप्पा! हाड हाय ते!" मी ओरडलोच.

त्यांनी जीभ आत घेतली, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "हाव. हाडच हाय. साध्या दगडाला जीभ चिकटत न्हाई. ह्याला चिकटली."

मग उठून त्यांनी तीनदा चूळ भरली आणि उपरण्याला तोंड पुसत मलाच दम दिला, "तू असलं करू नको. ओळखायला म्हणून एकदा, तेही कोपरा पुसून. मी म्हातारा हाय, माझं काय जायचंय."

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तर काय सांगणार?

ते हाड मला मिळालं निलंग्याकडे, मांजरेच्या काठावरच्या एका शेतकऱ्याकडे. त्याच्या जुन्या घराचं सागवानी दार घ्यायला गेलो होतो. अंगणात एका धोंड्याला शेळी बांधलेली. शिलाई मशीनच्या डोक्याएवढा धोंडा, अंगभर चुनखडी आणि खडे चिकटलेले, पण एका अंगाला चपलेच्या तळव्यासारख्या नागमोडी रेघा. मी असल्या वस्तूकडे कधी बघत नाही. बघितलं की भाव वाढतो. दाराच्या किमतीवरून अर्धा तास भांडलो, शिव्या दिल्या, दोनदा टेम्पोत जाऊन बसलो. सौदा पटला तेव्हा निघता निघता म्हणालो, "बरं, वर तो धोंडा तरी द्या, चाकाखाली लावायला." त्याने शेळी सोडली आणि धोंडा दिला.

हैदराबादच्या एका बिल्डरला मी फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन, हे तर जुनं हाड आहे म्हणून. फार्महाऊसच्या हॉलमध्ये, काचेच्या टेबलाखाली ठेवायचं म्हणाला. फक्त साफ पाहिजे, चमकतं पाहिजे आणि दसऱ्याच्या आत पाहिजे. साफ कोण करणार याची चौकशी करता करता अप्पांचं नाव निघालं.

अप्पा एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. नोकरीभर त्यांनी दगड पुसले, दगडांच्या चिठ्ठ्या बदलल्या, आणि प्राध्यापक मंडळी सहलीला जात तेव्हा दगडांची पोती वाहिली. निवृत्त होईपर्यंत ते प्राध्यापकांपेक्षा जास्त शिकून बसले होते, पण खुर्चीवर बसून बोलायची सवय नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मातीतून निघालेलं हाड घरच्या घरी, न मोडता, न तडकवता उघडं करणं ही एक विद्या आहे आणि ती या म्हाताऱ्याला येते, हे लातुरात फार तर पाच-सहा माणसांना माहीत असेल.

ते 'साफ करणं' म्हणत नसत. 'उघडणं' म्हणत. "साफ करायला ते काय हंड्यावानी घाण हाय का? झाकलं हाय. आपण उघडायचं."

त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. आक्का उदगीरकडच्या, अर्धं बोलणं कानडीत, आणि सोवळ्याला कडक. त्यांची अट अशी की ही वस्तू घरात यायची नाही, मागच्या अंगणात पत्र्याखालीच राहायची, आणि तिला हाड म्हणायचं नाही. दगड म्हणायचं. अप्पाही त्यांच्यासमोर "दगडाला पाणी दिलं," "दगडाची उजवी बाजू मऊ हाय," असंच बोलत.

मी एकदा त्यांना धरलं. "अप्पा, माझ्यापाशी हाड आणि आक्कांपाशी दगड. हे कसलं हो तुमचं?"

"दोन्ही खरं हाय. हाडात दगड भरलाय. ज्याला जे ऐकून जेवण जातं, ते त्याला सांगायचं."

मला तेव्हा गंमत वाटली होती. आज वाटत नाही.

पत्र्याच्या एका मोठ्या ट्रेमध्ये चाळलेली वाळू, त्या वाळूत हाड तान्ह्या पोरासारखं निजवलेलं. खालून आधार नसला तर स्वतःच्याच वजनाने चिरतं म्हणत. पहिले आठ दिवस त्यांनी त्याला हातच लावला नाही. नुसतं वहीत चित्र काढत बसले. वरून, खालून, चारी बाजूंनी. माझं डोकं फिरलं.

"अप्पा, चित्र कशाला? मोबाईलवर काढून देतो की मी!"

"मोबाईल एका टिचकीत बघतो. त्याच्यात मला काय दिसलं?"

मग काम सुरू झालं आणि मला वाटलं, यापेक्षा चित्र बरं होतं. रोज टपालाच्या तिकिटाएवढी जागा. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीतून पाण्याचे चार थेंब. थांबायचं. माती मऊ झाली का ते बांबूच्या काडीने हळूच बघायचं. झाली असली तर दात घासायच्या मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायचं. नसली झाली तर उद्या. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरभोवती भांडणं होतात, तिथे हा माणूस वीस लिटरचा विकतचा जार हाडासाठी आणायचा. बोअरचं पाणी चालत नव्हतं. "बोअरचं पाणी वाळलं की पांढरं होतं. आधीच त्याच्या अंगावर चुना, वरून आपला कशाला?"

निघालेली माती टाकायची नाही. काडेपेटीत भरायची, वर नंबर घालायचा. भेग दिसली तर पांढरा गोंद दुधासारखा पातळ करून थेंब सोडायचा. उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं नाही. आणि तोंडाला कायम रुमाल. ज्याने भर दिवसा हाड चाटलं, तो माणूस मला सांगायचा, "फुंकर मारू नको. फुंकरीनं धूळ तुझ्या छातीत जाते आणि तुकडा माझ्या अंगणात हरवतो. दोन्ही सापडत न्हाईत."

मी दर गुरुवारी जाऊन बसायचो. घाई करायला जायचो आणि ते मला कामाला लावायचे.

"या व्यापारी. बसा. नळी धरा."

"किती दिवस लागतील अजून?"

"त्याला विचारा."

"अप्पा, दुप्पट मजुरी देतो."

"एकपट कुठं ठरली हाय?"

हे खरं होतं. पैसे घ्यायला ते तयारच नव्हते. उलट त्यांनी असं काही मागितलं की मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वापरलेले टूथब्रश! नवे नकोत, नव्याचे दात कडक असतात. माझ्या घरात सहा माणसं. मी सगळ्यांचे ब्रश गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गेलो. बायको चार दिवस बोलली नाही. "आपले उष्टे ब्रश बामणापेक्षा सोवळ्या माणसाच्या घरी नेऊन दिले? लाज हाय का काही?" अप्पांनी ते उकळत्या पाण्यात घातले, एकेक ब्रश गालावर फिरवून पाहिला, माझ्या सासूचा सगळ्यात मऊ निघाला म्हणून तो वेगळा ठेवला. आयुष्यात मी इतक्या लोकांशी व्यवहार केला, पण मजुरीत सासूचा ब्रश मागणारा कोणी भेटला नाही.

त्यांची हत्यारंही अशीच मिळवलेली. मुलगी नांदेडला दिलेली. तिने एकदा वडिलांची दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. अप्पांनी दाढ दाखवली, डॉक्टरने काढायला सांगितली. अप्पा म्हणाले, "दाढ राहू द्या, ती आकडीची सळी जुनी झाली की मला द्या." मुलगी शरमेने बाहेर जाऊन उभी राहिली. डॉक्टरला वाटलं म्हातारा घरीच स्वतःचे दात कोरणार. त्याने पाऊण तास समजूत घातली. शेवटी अप्पांनी खिशातून चित्राची वही काढली. परत येताना त्यांच्याकडे चार सळ्या होत्या आणि दुखरी दाढ तशीच होती.

सकाळी लवकर गेलो की पूजा चाललेली असायची. आंघोळ करून ओल्या अंगाने बसलेले. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हाताने त्यावर थेंब थेंब पाणी. मान किंचित तिरकी. एकदा मी ओट्यावरून पाहत होतो आणि एकदम ओळखलं. हाच हात, हीच मान, हेच थेंब मी मागच्या गुरुवारी त्या मागच्या पत्र्याखाली पाहिले होते. देवाला एक आणि जनावराच्या हाडाला एक, असा फरक त्या हाताला माहीतच नव्हता. हे आक्कांच्या लक्षात आलं असेल का, असं मला वाटून गेलं. विचारायची हिंमत झाली नाही.

धोंड्यावरच्या त्या नागमोडी रेघा म्हणजे एक दाढ निघाली, आणि पावसाळा सरत आला तेव्हा ती पूर्ण उघडी झाली होती. तिच्याखाली जबड्याची एक बाजू मधाच्या रंगाची निघाली. अप्पा म्हणाले, हत्तीचा खालचा जबडा. पण आताचा हत्ती न्हाई, त्याच्या लई आधीचा. मला त्या मधाच्या रंगात गिऱ्हाईक दिसत होतं. फक्त दुसरी बाजू राहिली होती. आणि तिथे अप्पा थांबले.

थांबले म्हणजे थांबलेच. त्या बाजूवर ओलं फडकं टाकून ठेवलं. मी गेलो की म्हणायचे, "ती बाजू राहू दे अजून."

"कामून?"

"राहू दे म्हटलं न्हवं."

एक गुरुवार, दोन गुरुवार, तीन गुरुवार. फडकं हलेना. तिकडे बिल्डरचे फोन. "सेठ, मेरा घरभरनी हो जाएगा, फिर क्या फायदा?" माझं टाळकं आधीच लवकर तापतं. त्यात संशय शिरला. जुन्या मालाच्या धंद्यात कोणी वस्तू झाकली की त्याचा एकच अर्थ असतो: त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. कॉलेजचा एक प्राध्यापक दोनदा त्यांच्या ओट्यावर बसलेला मी पाहिला होता. मी मनात म्हणालो, म्हाताऱ्याने मला गुंडाळलं. माझा माल, मी शेळी सोडवून आणलेला, आणि हा परस्पर देऊन टाकणार.

अप्पा मुलीकडे नांदेडला गेले त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो.

"आक्का, अप्पांचा फोन आला होता. दगड घेऊन जा म्हणाले."

आक्कांनी कपाळावरचा घाम पुसला. "न्या बाबा. एकदाचा न्या. माझं अंगण मोकळं होऊ दे."

इतक्या सोप्या खोट्याला कधी इतका सोपा होकार मिळाला नव्हता. मी जबडा पोत्यात गुंडाळून गोदामात आणला.

लातुरात कोणाच्याही बाथरूममध्ये जा, बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरा थर चढलेला दिसेल. तो थर कशाने जातो ते इथल्या लेकराला माहीत आहे: ॲसिडने. माझ्या गोदामात तर ॲसिडचे कॅनच होते. पितळ, फरशा, चुन्याचे डाग, सगळ्याला तेच. जबड्यावर चुनखडी आहे, चुनखडी ॲसिडने जाते, मग म्हातारा सहा महिने कसले थेंब सोडत बसला होता? मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

मी पाण्यात ॲसिड घातलं आणि झाकलेल्या बाजूवर ओतलं. फसफसून फेस आला, पिवळट. धूर डोळ्यांत गेला, खोकला लागला, पण फेस ओसरला तेव्हा खाली तोच मधाचा रंग! अप्पांचं सहा महिन्यांचं काम मी दोन मिनिटांत केलं होतं.

त्या मधाच्या रंगावर चार चरे होते. तिरपे, एकाशेजारी एक, बारीक आणि सरळ. सुरीने भोपळ्यावर ओढावेत तसे.

मला वाटलं, ब्रशने उठले. हातात तारेचा ब्रश होता. पण तो मी अजून टेकवलाच नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं लिहिणार नाही, तेव्हाच कळलं होतं. पण मी व्यापारी आहे. चरा म्हणजे खोट. चरा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं. मी कॅन उचलला आणि चऱ्यांवर निव्वळ ॲसिड ओतलं, पाणी न घालता.

या वेळी फेस ओसरला तेव्हा चरे नव्हते. ती बाजूच नव्हती. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ती खचली आणि जबड्याचा तो अख्खा अर्धा भाग चिखल होऊन पोत्यावरून वाहत गटारीकडे निघाला. मी दोन्ही हातांनी तो अडवायला गेलो. हात भाजले. मी गोदामात एकटाच ओरडत होतो, कोणाला ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा नांदेडहून आले ते थेट गोदामात. आक्कांनी सांगितलं असणार. मी भांडायच्या तयारीत उभा होतो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं: माल माझा, तुम्ही झाकून ठेवला, तुम्ही उशीर केला.

त्यांनी पोत्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे आले.

"डोळ्यात गेलं का?"

"न्हाई... थोडा धूर."

"हात दाखव." त्यांनी माझे तळवे उलटेपालटे केले. "नळाखाली धर. धरला होतास का किती वेळ? डॉक्टरला दाखव आज. श्वास घेताना दुखतं का?"

सगळं झाल्यावर ते उकिडवे बसले. उरलेला तुकडा, दाढ आणि एक बाजू, त्यांनी पाण्याच्या टबात ठेवला. पाणी बदललं. परत बदललं. आत मुरलेलं ॲसिड निघेपर्यंत चार-पाच दिवस बदलत राहावं लागतं म्हणाले. चिखल गाळून घेतला. त्यातून नखाएवढे तीन तुकडे निघाले. ते त्यांनी काडेपेटीत ठेवले. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"रेषा दिसल्या का?"

मी टबाकडे बघत म्हणालो, "कसल्या रेषा?"

"दिसल्या का तेवढं सांग."

"चार," मी म्हणालो. "तिरप्या."

त्यांनी वही पुढे केली. "काढ. जशा दिसल्या तशा."

आयुष्यात मी चित्र काढलेलं नाही. कशाबशा चार रेघा ओढल्या. अप्पांनी मागचं पान उलटून दाखवलं. तिथे त्यांचं स्वतःचं चित्र होतं. चुनखडीच्या कडेतून डोकावणारी दोन बारीक टोकं. शेजारी लिहिलं होतं, 'थांबणे. सरांना दाखवणे.'

"जनावराच्या दातानं असं होत न्हाई," ते म्हणाले. "दगडाच्या सुरीनं होतं. माणसानं गालाचं मांस कापलं असंल. असंल म्हणतो, खात्री मला न्हाई, ती भिंगाखाली बघणाऱ्यानं सांगायची. कॉलेजचे सर ओट्यावर येऊन म्हणाले, हात लावू नका, आम्ही यंत्र घेऊन येतो. म्हणून झाकलं होतं."

या मांजरेच्या काठावर, आम्ही कोणीच नव्हतो तेव्हा, कोणीतरी बसून हत्ती कापला होता. त्याच्या हाताची एवढीच खूण उरली होती. ती मी डोळ्यांनी पाहिली आणि खोट समजून पुसली. जगात ती पूर्ण पाहणारा मी पहिला आणि शेवटचा.

आणि मग माझं डोकं सणकलं.

"मला कामून सांगितलं न्हाई?" मी किंचाळलो. "तीन आठवडे मी तुमच्या ओट्यावर बसून राहिलो! एक शब्द! एक शब्द बोलला असता तर मी ॲसिड घातलं असतं का?"

"न्हाई."

"मग?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी फोटो काढून भाव वाढवला असतास."

मी तेच केलं असतं. अप्पांना ते माहीत होतं आणि मलाही. पण माणसाच्या तोंडावर असं बोलतात का? त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घरी हे कळलं तेव्हा आक्कांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मांस कापलेलं? अय्यो शिवा! आणि माझ्या अंगणात?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात." तेवढंच. चहा मात्र दिला.

बिल्डरला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "आधा भी चलेगा सेठ, पॉलिश मार के दो." मी नाही म्हणालो. का म्हणालो ते विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. तो अर्धा जबडा मी कॉलेजला देऊन टाकला. अप्पांनी एक छापील कागद आणला आणि त्यांच्या ओट्यावर बसून तो भरला. सापडल्याचं ठिकाण. देणाऱ्याचं नाव: तिथे त्यांनी माझं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. उघडणाऱ्याचं नाव. शेवटी, नुकसान झालं असल्यास कसं आणि कोणाकडून. तिथे त्यांनी लिहिलं: 'साफ करताना ॲसिडमुळे डावी बाजू नष्ट.' आणि पुढे स्वतःचं नाव.

मी दोनदा वाचलं. "अप्पा, चुकून तुमचं नाव पडलं."

"चुकून न्हाई."

"ॲसिड मी ओतलं!"

"उघडायला घेतलं मी. घेतल्यापासून देईपर्यंत ते माझ्या हातात. कुलूप न लावता नांदेडला गेलो मी."

"अहो, मी आक्कांना फसवून नेलं!"

"ते आक्कांना सांग. त्यांच्यापाशी माफी माग. कागदावर त्याला रकाना न्हाई."

मग मी जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. तोट्यासाठी घासाघीस. आधी ओरडलो. मग कागद ओढला, त्यांनी तो मांडीखाली घातला. मग हात जोडले. "बरं, दोघांची नावं लिहा. आधी माझं. निदान निम्मं तरी द्या!"

"व्यापारी," ते हसले, "ह्यात निम्मं नसतं."

मी दोनदा ओट्यावरून उतरून चपला घातल्या. समोरच्याने हाक मारावी म्हणून ही युक्ती मी कैक वेळा केली आहे. त्यांनी हाक मारली नाही.

पुढच्याच वर्षी अप्पा गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता. जबडा कॉलेजात काचेच्या कपाटात आहे. शेजारी चिठ्ठी आहे, ती त्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली. देणारा म्हणून माझं नाव आहे. नष्ट करणारा म्हणून त्यांचं.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. म्हणालो, चिठ्ठी बदला. ते म्हणाले, उघडणाऱ्याने स्वतः सही करून दिलेली नोंद आहे, पुरावा असल्याशिवाय बदलता येत नाही. पुरावा! साठ वर्षांची दारं मी दोनशे वर्षांची म्हणून विकली, तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. आक्कांना साक्षीला चला म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्यांनी लिहिलंय ना? मग मी खोडणार न्हाई." भाजलेल्या हातांची कातडीसुद्धा केव्हाच नवी आली आहे.

मागच्या महिन्यात कॉलेजात जुनी बाकं विकायची होती म्हणून गेलो होतो. कपाटापुढे मुलामुलींचा घोळका उभा होता. एकीने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "ॲसिड? काय पण माणूस! एवढं सोनं हातात आलं आणि जाळून टाकलं."

"ए पोरी!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाकं मोजणारा शिपाई धावत आला. "त्यांनी न्हाई जाळलं! ते थेंबाथेंबानं उघडत होते. मी जाळलं. रेषा दिसत असताना जाळलं, दुसऱ्यांदा ओतून!"

पोरं मागे सरकली. ती मुलगी घाबरून एकदा माझ्याकडे आणि एकदा चिठ्ठीकडे पाहत म्हणाली, "पण काका, इथे तर त्यांचं नाव आहे."

बाकांचा सौदा मी त्या दिवशी केला नाही. तसाच गाडीत येऊन बसलो. माझी एवढी एकच वस्तू त्या माणसाकडे राहिली आहे, आणि ती सोडवून घ्यायला आता समोर कोणी नाही.